श्रेयांकांत न मावणारे शहाणपण

महोदय,

१८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे बोधवाक्य ‘शीलवृत्तफला विद्या’ असे असून, विद्येचे फळ म्हणजे शील आणि सदाचरण, एवढा स्पष्ट अर्थ त्यात आहे. ते वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने विषय निवडण्याची मोकळीक दिली, हे योग्यच झाले; परंतु परवा तत्त्वज्ञानाच्या तासाला ‘सर, याचे श्रेयांक (पदवीसाठी मोजली जाणारी क्रेडिट्स) किती?’ हा प्रश्न आधी आला आणि सॉक्रेटिस मागाहून. दोष मुलांचा नाही. ठरावीक मुद्दे मोजून गुण देणारी आपली पद्धत, ‘मला हे पटत नाही’ असे सकारण लिहिणाऱ्याला कोरडेच ठेवते. निदान एका प्रश्नाचे गुण तरी अशा उत्तरासाठी राखून ठेवावेत.

– एक प्राध्यापक, ठाणे