आपल्या वखारीचं लिहून ठेवायचंय

प्रिय आई-बाबा,

पुण्यात दादाकडे करमतंय ना आता? आई, बाबांच्या गुडघ्याला शेक देतेस ना रोज? रविवारी पेठ रोडला आपल्या लाकडाच्या वखारीत जाऊन आले, लाकूड कापायच्या बँडसॉवर ताडपत्री टाकलीय नीट, काळजी नको.

फोनवर राहूनच जातं म्हणून लिहितेय. मागच्या आठवड्यात आमच्या वायनरीत एक जुनं बॅरल सोडवलं, अमेरिकन ओकच्या लाकडाचं, २२५ लिटरचं. वरच्या लोखंडी पट्ट्या काढल्या की सगळ्या फळ्या सुट्या होतात, आत ना खिळा ना सरस. मी एक फळी उचलली आणि बाबा, सवयीनं आधी तिचं टोक बघितलं, लहानपणी तुम्ही दाखवायचात तसं. झाडाच्या वयाच्या रेघा सगळ्या जाडीतून सरळ उभ्या, एकही आडवी नाही. इतकं जपून कापतं कोण, म्हणून मग रात्री वाचतच बसले.

तिकडे नुसत्या बॅरलच्या फळ्या कापणाऱ्या गिरण्या असतात, स्टेव्ह मिल म्हणतात. मिसुरी राज्यात बॉसवेल घराण्याची इंडिपेंडंट स्टेव्ह कंपनी आहे, १९१२ ची, अजून घरातच आहे. आणि मधे १९२० ते १९३३ अख्ख्या अमेरिकेत दारूबंदी! व्हिस्कीसाठी बॅरल लागतं आणि व्हिस्कीच बंद, त्यातून हे लोक निघाले. मला लगेच आपलं ते वर्ष आठवलं, टोमॅटोला प्लॅस्टिकचे क्रेट आले, द्राक्षाला पुठ्ठ्याचे बॉक्स, आपल्या लाकडी खोक्यांच्या ऑर्डरी थांबल्या आणि बाबा तुम्ही कितीतरी दिवस जेवताना एक शब्द बोलत नव्हतात. मग दारं-चौकटी सुरू केल्यात.

ते लोक ओंडक्याचे आधी फळीच्या लांबीचे तुकडे करतात, मग चार फाका, मग प्रत्येक फाकेतून रेघ बघून फळी काढतात, लाकूड खूप वाया जातं पण तशी काढली तरच बॅरल गळत नाही. त्यातही व्हाइट ओकच लागतो कारण त्याची छिद्रं आतून आपोआप बुजलेली असतात, रेड ओक घेतला तर वाईन झिरपत राहणार. फ्रेंच ओक तर करवतीनं कापत पण नाहीत, धाग्याच्या रेषेत फोडतात. आणि मग थप्प्या लावून उघड्यावर ठेवायच्या, एक ते तीन वर्षं, ऊन-पावसात लाकडातला कडवटपणा धुवून जाईपर्यंत.

तीन वर्षं बाबा! आणि तुम्ही "ओलं लाकूड माझ्या वखारीतून जाणार नाही" म्हणून ते दिंडोरीचं गिऱ्हाईक परत पाठवलंत, त्यांना लग्नाआधी घर पूर्ण करायचं होतं, पैसे रोख देत होते. माझ्या क्लासची फी भरायची होती तेव्हा, मी तुमच्याशी चार दिवस बोलले नाही आणि आईनं पोस्टातली आरडी मोडली. त्याबद्दल मी कधी सॉरी म्हटलं नाही, आज म्हणते. दोघांनाही.

त्या घराण्याचं मला इतक्या लांबून वाचता आलं कारण कोणीतरी लिहून ठेवलं. आपलं कुठे आहे? आजोबा डांगातून साग कसा आणायचे, बँडसॉ कोणाकडून घेतला, पहिलं पातं तुटलं तेव्हा काय झालं, हे फक्त बाबांच्या डोक्यात आहे. आणि बाकीचं आईकडे. आई, माळ्यावर तुझ्या रोजकीर्दी सापडल्या, अकरा वह्या. घनफूट, हमाली, लाइट बिल, सगळं तुझ्या अक्षरात. वखार म्हटलं की सगळे बाबांचंच नाव घेतात पण हिशोब तर तूच सांभाळलास ना, तेही लिहायचंय मला.

रोज रात्री नऊला फोन करते, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. बँडसॉपासून सुरू करू. आणि आई, वहीत दर महिन्याला एक ओळ आहे, "भुसा ४ पोती, पैसे नाहीत". तो कोणाला द्यायचो गं आपण?

तुमची,
ताई