मेयरच्या भावाचे शेत

शेतकरी कुटुंबातून आलेल्या कॅनडातील एका छोट्या शहराच्या मेयरवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. शेतीची जाण कारभारात उपयोगी पडते, हे लेखातील म्हणणे पटते. पण तीच शेती मेयरला अडचणीत कुठे आणते, ते राहून गेले. समजा, कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात कौन्सिलपुढे (शहराच्या निवडून आलेल्या सभेपुढे) एखाद्या शेताचा जमीनवापर बदलण्याचा विषय आला. ते शेत मेयरच्या वडिलांचे असले आणि मेयरला ते ठाऊक असले, तर कायद्याने तो मेयरचाच आर्थिक हितसंबंध ठरतो. चर्चेआधी तो जाहीर करायचा, लेखी निवेदन द्यायचे, चर्चेत आणि मतदानात भाग घ्यायचा नाही. ही तरतूद आई-वडील, जोडीदार आणि मुलांपुरतीच आहे. भावंडे तिच्यात येत नाहीत. वाटण्या होऊन शेजारचे शेत भावाच्या नावावर असणे शेतकरी घरात नेहमीचेच, म्हणून ही उणीव मला गंभीर वाटते. कायदा सुधारेपर्यंत अशा वेळी मेयरने स्वतःहून बैठकीबाहेर जावे.

— एक वाचक, पुणे