चवथीच्या फटाक्यांची तयारी आषाढातच व्हावी : पशुसंवर्धनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा मंत्री,
गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आषाढी एकादशी नुकतीच झाली असून चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, दीड-पावणेदोन महिन्यांवर आली आहे. पाळीव जनावरांना फटाक्यांच्या आवाजाला तोंड देण्यास शिकवायचे, तर साधारण तेवढाच अवधी हाताशी असावा लागतो. म्हणूनच हे पत्र आज लिहीत आहे. कुत्र्या-मांजरांना घरात ठेवा, अशा सूचना सणाच्या तोंडावर वाचायला मिळतात. त्या योग्यच आहेत, परंतु तोवर शिकवण्याची वेळ निघून गेलेली असते.

आमच्या डिचोलीच्या घरी राणी नावाची गावठी कुत्री आहे. आरती संपली की अंगणात फटाके वाजतात, हे तिने इतके पक्के ओळखले होते की पुढे पुढे घुमट हे मातीचे तालवाद्य आणि झांजा वाजू लागताच ती पुढ्यातले खाणे टाकून पलंगाखाली शिरत असे. तोंडाला लाळ सुटे आणि अंग थरथरत राही. भीती अशीच मूळ आवाजावरून त्याच्या आधीच्या खुणांवर सरकते. फटाके ऐकून ऐकून जनावर आपोआप सरावते, हा समज म्हणूनच घातक आहे. अनेक कुत्र्यांची भीती दर वर्षी वाढतच जाते.

ही साखळी उलट्या बाजूने सोडवता येते. फटाक्यांचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर जेमतेम ऐकू येईल इतक्या बारीक आवाजात लावायचे, आवाज सुरू झाला की लगेच आवडता घास द्यायचा आणि आवाज थांबला की घासही थांबवायचा. जनावर निवांत राहिले, तरच काही दिवसांनी आवाज किंचित वाढवायचा. कान मागे गेले, ते ओठ चाटू लागले किंवा घास नाकारला, तर मागच्या पायरीवर यायचे. यात घाई अजिबात चालत नाही. राणीला आम्ही उकडलेल्या बांगड्याचे तुकडे देत होतो. गेल्या चवथीला घुमट वाजू लागल्यावर ती आपणहून मधल्या खोलीत जाऊन आपल्या गोणपाटावर बसली. पूर्ण निर्धास्त नव्हती, पण पुढ्यातले तिने खाल्ले. घाबरलेल्या जनावराला जवळ घेतल्याने भीती वाढत नाही, हेही लोकांना सांगायला हवे, कारण त्या समजापोटी कितीतरी घरांत त्याला एकटे सोडले जाते.

माझी विनंती अशी, की आपल्या खात्याने हे ध्वनिमुद्रण आणि सोप्या मराठी-कोंकणीतील माहिती सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांतून आत्ताच द्यावी. रेबीजची लस देणारी पथके गोव्याच्या वाड्यावाड्यांवर पोचली आणि शाळांतून मुलांना कुत्र्यांविषयी शिकवले गेले, तीच वाट येथे उपयोगी पडेल. भीती तीव्र असलेल्या जनावरांची तपासणी सणाआधी व्हावी आणि औषध पशुवैद्यानेच ठरवावे. नुसते ॲसेप्रोमाझिन हे गुंगीचे औषध दिल्यास जनावर निपचित दिसते, मात्र आतली भीती तशीच राहते. आणि माणसांच्या झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देणे तर जिवावर बेतू शकते. सणाच्या रात्री बिथरून पळालेले कुत्रे किंवा दावे तोडताना जखमी झालेली म्हैस घेऊन जावे कोठे, हेही आधी जाहीर असावे. गळ्यातल्या पट्ट्यावर मालकाचा फोन क्रमांक लिहिण्याची मोहीम तर जवळपास बिनखर्चाची आहे.

नियम आपल्या बाजूने आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाचे फटाके फोडण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये मनाई केली आणि फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबल ही आवाजाची मर्यादाही ठरलेली आहे. दिवाळीतल्या नरकासुर-दहनाच्या रात्री पहाटेपर्यंत काय चालते, ते आपणही जाणता. या नियमांची अंमलबजावणी अन्य खात्यांकडे आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु पंचायती, देवस्थाने, चर्चच्या फेस्तांचे आयोजक आणि नरकासुर मंडळे यांनी दारूकामाची नेमकी वेळ आदल्या दिवशी वाड्यावर कळवावी, असा आग्रह आपण धरू शकता. वेळ कळली, तर कुत्र्याला अंधार पडण्याआधी फिरवून आणता येते, गुरांना गोठ्यात घेता येते आणि घरातले कोणीतरी त्यांच्यापाशी थांबू शकते. याची सुरुवात येत्या चवथीपासून व्हावी, यासाठी पंचायत संचालनालयाशी आपण याच महिन्यात बोलावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
डिचोली येथील एक पशुपालक