गच्चीवरची पवनचक्की : आधी हिशेब, मग पिंप

महोदय,

उभ्या आसाच्या पवनचक्कीचे प्रयोग हल्ली शालेय विज्ञान प्रदर्शनांपासून अभियांत्रिकीच्या प्रकल्पांपर्यंत सगळीकडे दिसतात. छंद म्हणून ते उत्तमच. पण ‘गच्चीवर बसवा, वीजबिल विसरा’ हा दावा त्यांना चिकटलेला असतो, तो काही हिशेबात बसत नाही.

दोनशे लिटरचं पिंप उभं चिरून केलेला सावोनियस रोटर घ्या. फिनलंडच्या सिगुर्ड सावोनियस यांनी १९२०च्या दशकात मांडलेली ही रचना आजही सर्वांत सोपी आहे. पिंपाचा व्यास सुमारे ५८ सेंमी, उंची ८८. दोन्ही अर्धुकं इंग्रजी S सारखी समोरासमोर ठेवून मध्यभागी १० सेंमी एकमेकांत सरकवली की रुंदी १०६ सेंमी, म्हणजे वाऱ्याला भिडणारं क्षेत्रफळ ०.९३ चौरस मीटर. साताऱ्याच्या उंचीवर हवेची घनता घनमीटरला १.१ किलो धरली, तर ताशी १८ किमी (सेकंदाला ५ मीटर) वाऱ्यात तेवढ्या जागेतून ६४ वॅट जातात. घरगुती सावोनियस त्यातला १५ टक्के पकडतो. जनित्र आणि डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) यांतली गळती वजा जाता बॅटरीत पडतात जेमतेम ६ वॅट. असा वारा चोवीस तास अखंड वाहिला, तरी युनिटचा सातवा हिस्सा! वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली शक्ती आठपट होते. पण रोटरने पकडलेल्यातले हाती तीस-पस्तीस वॅटच लागतात, बाकीची शक्ती जनित्राची कॉइल तापवण्यात जाते.

हे मान्य करून बांधायला बसलं की खरी मजा. पिंप शक्यतो निळं प्लॅस्टिकचं घ्यावं. थिनर किंवा तेलाच्या लोखंडी पिंपावर ग्राइंडर चालवू नये. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. पिंप आधी मधोमध आडवं कापून दोन मजले करावेत आणि वरचा मजला खालच्याशी काटकोनात बसवावा. एकाच मजल्याचा रोटर ठरावीक कोनात अडून बसतो, हलक्या वाऱ्यात तिथून सुटतच नाही. वर, खाली आणि मध्ये ११५ सेंमी व्यासाच्या वॉटरप्रूफ प्लायच्या चकत्या लागतात. ८ बाय ४ फुटांच्या शीटमधून दोनच निघतात, म्हणून दीड शीट आणावी. दांडा २५ मिमीचा, त्याला दोन यूसीपी २०५ पेडेस्टल बेअरिंग (बैठकीसकट मिळणारी). दोन्ही एका रेषेत नसतील तर रोटर हाताने छान फिरतो आणि वाऱ्यात रुसतो.

सर्वाधिक घोटाळा जनित्रात होतो. हा रोटर ताशी १८ किमीच्या वाऱ्यात मिनिटाला साठ-सत्तर फेरे घेतो. गाडीच्या अल्टरनेटरला (इंजिनावरच्या जनित्राला) हजाराच्या वर लागतात, शिवाय त्यात चुंबकत्व निर्माण करणाऱ्या फील्ड कॉइलला बॅटरीतूनच करंट द्यावा लागतो. म्हणून जनित्र घरीच करावं : ३०० मिमी व्यासाच्या, ८ मिमी जाड साध्या लोखंडाच्या दोन चकत्या (स्टेनलेस चालत नाही), प्रत्येकीवर ५०×२५×१० मिमीचे १२ निओडिमियम चुंबक, ध्रुव आलटून पालटून. मध्ये रेझिनमध्ये ओतलेल्या ९ कॉइल, एका फेजला (तीन वीजप्रवाहांपैकी एकाला) तीन, स्टार जोडणी म्हणजे तिन्ही फेजची एकेक टोकं एकत्र जोडलेली. १ मिमी तारेचे साधारण दीडशे वेढे लागतात, पण नऊही कॉइल गुंडाळण्याआधी एकच करून लेथवर तपासावी. मिनिटाला ५०० फेऱ्यांना वारंवारता ५० हर्ट्झ येते, त्यामुळे साधा मल्टिमीटरही नीट वाचतो. तिथे २० व्होल्ट दिसले, तर ५० फेऱ्यांना २ मिळतील. तीन कॉइलचे ६, स्टारमुळे १०.४, शिखर १४.७, डायोडचे १.४ वजा केले की १३.३. इथून १२ व्होल्टची बॅटरी चार्ज व्हायला लागते. चुंबकांच्या चकत्या हाताने जवळ आणू नयेत, बोटं चिरडतात. तीन लांब बोल्टवर हळूहळू उतरवाव्यात.

सौर पॅनेलचा साधा कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारी पेटी) इथे जोडला तर तो जळणार. बॅटरी भरली की तो जोडणी तोडतो, मोकळा रोटर सुसाट सुटतो आणि जोराच्या वाऱ्यात व्होल्टेज साठच्या वर जातं. जादा वीज हीटरच्या तारेत वळवणारा डंप लोडच हवा. तिन्ही फेज शॉर्ट करणारा स्विच ब्रेक म्हणून ठेवावा, शिवाय बांधायला दोरखंड.

उभ्या आसाचीच दुसरी रचना म्हणजे दारियस; तिची विमानाच्या पंखासारखी सरळ पाती दिसायला देखणी, पण स्वतःहून सुरू होण्याची खात्री नाही. शिवाय १ किलोचं पातं ६० सेंमी त्रिज्येवर सेकंदाला ३० मीटर वेगाने फिरलं, तर सुमारे १५० किलोच्या जोराने बाहेर ओढतं. उन्हात ठिसूळ झालेल्या पीव्हीसी पाइपची पाती वस्तीत लावू नयेतच.

राहिली जागा. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत म्हणून शहरात सदाशिव पेठेतल्या गच्चीवर तो वारा येत नाही. कठड्यामागे नुसते भोवरे असतात आणि रोटरची थरथर स्लॅबमधून खालच्या खोलीत ऐकू येते. मोकळ्या रानात, तारांचे ताण दिलेला खांब हवा. १५० मीटरच्या आतल्या झाडाघरांपेक्षा रोटर १० मीटर उंच असावा. तरीही आपल्याकडचा खरा वारा जून ते ऑगस्टचाच.

प्रदर्शनांच्या परीक्षकांना एक विनंती. टेबलफॅनसमोर एलईडी पेटला एवढ्यावर गुण देऊ नका. त्या क्षणी वाऱ्याचा वेग किती आणि तारेत वॅट किती, हे दोन आकडे मुलांकडून मोजून घ्या. आकडा ४ वॅटचा आला तरी गुण पूर्ण द्यावेत.

— एक वाचक, सातारा