गाडीची किल्ली आणि आईचा फॉर्म

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे काढलं की बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. गाडी मी येत्या शनिवारी घेऊन जाणार आहे. बाबा, रागावा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

तुमचा हात स्टिअरिंगवर पक्का आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. अडचण अंधाराची आहे. पोर्ट टाउनसेंडला डिसेंबरात सव्वाचार-साडेचारला सूर्य मावळतो, रस्ता ओला असतो, आणि समोरच्या दिव्यांनी तुम्हाला काय होतं ते डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तुम्हीही तिथेच होतात. मी तिकडे येऊन राहणं आणि तुम्ही सिएटलला येणं, दोन्ही बोलून झालंय. तुम्हाला ते घर आणि समोरचं पाणी सोडायचं नाही, मान्य. मग गाडीशिवाय तिथे नीट राहता यायला हवं, एवढंच.

लायसन्स परत केलं तरी ओळखपत्र लागतंच. ते लायसन्सच्या ऑफिसातूनच मिळतं, ते आधी करून घ्या.

आता "फुकटचे उपकार नकोत" हे तुमचं वाक्य. तुमच्या जेफरसन काउंटीची सरकारी बससेवा, जेफरसन ट्रान्झिट, मुख्यतः विक्रीकरावर चालते, शंभर डॉलरच्या खरेदीमागे ९० सेंट. भाजी-दुधावर तो लागत नाही, पण तुम्ही घेतलेल्या प्रत्येक पडद्यावर आणि हातोडीवर लागलाय. म्हणजे इतकी वर्षं पैसे भरलेत आणि बसमध्ये पाय ठेवलेला नाही! शिवाय २०२० च्या जनगणनेत ह्या काउंटीत ३२,९७७ माणसं होती आणि दहातली जवळजवळ चार पासष्टीच्या पुढची आहेत. वॉकर बघून तिथे कुणी वळूनही बघत नाही.

दोन सेवा वेगळ्या आहेत, त्यांचा घोळ घालू नका. बाबा, तुमच्यासाठी साधी बस. हेन्स प्लेसच्या बसस्थानकावर सगळ्या बस एकत्र येतात आणि सेफवे हे किराणा-भाजीचं दुकान तिथून जवळच आहे. आईसाठी घरी येणारी गाडी, पॅराट्रान्झिट, तिथे तिला डायल-अ-राइड म्हणतात. ही १९९० च्या अपंग हक्क कायद्याने द्यावीच लागते, पण साध्या बसच्या मार्गापासून दोन्ही बाजूंना पाऊण मैलापर्यंतच, म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे गाडी पाठवायची की नाही ही त्यांची मर्जी. आपलं घर त्या पट्ट्यात येतं, पण वाचनमंडळाची बैठक दुसऱ्या कुणाच्या घरी ठरली तर आधी तो पत्ता सांगून विचारायचं. ज्या दिवशी आणि ज्या वेळी तिथली साधी बस नाही, तेव्हा हीसुद्धा मिळेलच असं नाही. भाडं साध्या बसच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही.

आई, फॉर्म तुझ्यासाठी आहे आणि सगळं त्याच्यावर अडलंय. वय ७४ म्हणून गाडी मिळत नाही. साधी बस तुला का वापरता येत नाही, तेवढंच ते बघतात. आणि तू कुणीही विचारलं की "मला काही झालेलं नाही" म्हणतेस. तिथे हा शूरपणा नको. गुडघा बरा असतो त्या दिवसाचं लिहू नकोस, जिना उतरताना भिंत धरतेस त्या दिवसाचं लिही. "गुडघे दुखतात" असं मोघमही नको. किती पावलांनी थांबावं लागतं, केवढी पायरी चढवत नाही, थांब्यावर बाक नसेल तर किती मिनिटं उभी राहू शकतेस, चढावर आणि बर्फात काय होतं, हे लिही. गावात वरची आळी आणि खालची आळी यांच्यामध्ये तो कडा आहे, त्यामुळे नकाशावर जवळ दिसणारा थांबा पायांना जवळ नसतो. कदाचित "फक्त चढ असेल तेव्हा" किंवा "फक्त बर्फ असेल तेव्हा" अशी अटींची मंजुरी मिळेल. तीही घे. नाराज होऊ नकोस.

डॉक्टरांचा भाग त्यांच्याकडून भरून घ्या आणि पाठवण्याआधी सगळ्या पानांचा फोटो काढा. अर्ज अपुरा असेल तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. पूर्ण अर्ज पोचल्यापासून २१ दिवसांत उत्तर आलं नाही, तर उत्तर येईपर्यंत गाडी द्यावीच लागते. नकार आला तर कारण लेखी मागा. अपिलाला ६० दिवस असतात आणि ते मी लिहीन, तुम्ही कुणाशी वाद घालू नका. "मदतनीस लागतो" हा चौकोन नक्की भरा. मग बाबा मदतनीस म्हणून विनाभाडं बरोबर येतील. एरवीही एक सोबती नेता येतो, पण गाडी मागतानाच सांगावं लागतं, नाहीतर जागा धरलेली नसते.

गाडी आदल्या दिवशी मागायची. सोमवारची हवी असेल आणि रविवारी ऑफिस बंद असेल, तरी निरोप ठेवून मागता येते. डॉक्टरांची वेळ साडेदहाची असेल तर "साडेदहाची गाडी" म्हणू नका, "साडेदहाला आत पोचायचंय" म्हणा. बहुतेक चुका इथेच होतात. तुम्ही मागितलेल्या वेळेच्या एक तास आधी किंवा नंतरची वेळ ते सुचवू शकतात, त्याहून लांबची सुचवली तर नाही म्हणायचा हक्क आहे. कुठे जायचंय आणि का, यावरून पुढेमागे करता येत नाही. केस कापायला जाणं आणि रक्त तपासायला जाणं त्यांना सारखंच, तेव्हा आई, मैत्रिणीकडे जायलासुद्धा बिनधास्त माग.

ठरलेल्या वेळेच्या आगेमागे साधारण अर्धा तास धरून तयार राहायचं, चपला घालून, दाराजवळच्या खुर्चीवर. गाडी आली की ड्रायव्हर बराच वेळ थांबत नाही, पाच मिनिटं हा बहुतेक ठिकाणचा रिवाज. बाबा, तुम्ही अनोळखी नंबर उचलत नाही (चांगलंच आहे), पण गाडीवाल्यांचा फोन तसाच येतो. त्यांचा नंबर दोन्ही फोनमध्ये मी साठवून देईन. जायचं रद्द झालं तर लगेच कळवा, आणि परतीचीही गाडी वेगळी रद्द करा, ती आपोआप रद्द होत नाही. न कळवता गाडी पुन्हा पुन्हा रिकामी परत गेली तर सेवा काही दिवस बंद करतात. दवाखान्यात उशीर झाला तर तो तुमचा दोष धरता येत नाही, फक्त तिथल्या बाईंना फोन करायला सांगा. परतीची वेळ मोकळी धरा, डॉक्टर कधी वेळेवर सोडतात का?

गाडीत आणखी लोक असतात, वळणं घेत जाते. आई, साखर उतरते तुझी, पर्समध्ये चार खजूर आणि पाणी हवंच. पायरी जमत नसेल तर "लिफ्ट लावा" म्हण, त्याला व्हीलचेअर लागत नाही, उभं राहूनही वर जाता येतं. वॉकरच्या फळीवर बसून प्रवास करायचा नाही, सीटवर बसायचं, वॉकर ते बांधून ठेवतात. दारापर्यंत हात हवा असेल तर ड्रायव्हरला तो द्यावा लागतो, मात्र तो घरात येणार नाही. पिशव्या दोनच, तांदळाचं पोतं मी आणते.

सिल्व्हरडेलच्या तपासणीचं मात्र बसवर सोडू नका. पोल्सबोला गाडी बदलावी लागते, पुढे किट्सॅप काउंटीची वेगळी बससेवा, आणि वाटेत हूड कॅनालचा तरंगता पूल. जहाज किंवा पाणबुडी जायची असली की तो मधून उघडतात आणि अर्धा तास सहज जातो. त्या दिवशी मी येईन. तारीख डॉक्टरांकडून गुरुवारचीच घ्या.

तूरडाळ, कोकम, बाबांचा चहा महिन्याला पोस्टाने येईल. बाहेर पडायचं सोडू नका, हे हात जोडून सांगतेय. आई, तुझा हात धरून मी रस्ता ओलांडायला शिकले, आता गाडीची पायरी चढताना तू ड्रायव्हरचा हात धर, लाजू नकोस. पहिल्या फेरीला मी बरोबर असेन, साध्या बसच्याही आणि घरी येणाऱ्या गाडीच्याही.

फॉर्म सोबत जोडलाय. सहीची जागा पेन्सिलने दाखवलीय, पेन निळं वापरा. शनिवारी गाडी धुवून-बिवून ठेवत बसू नका बाबा, गारठा असतो. फक्त किल्लीला अडकवलेला गणपती काढून ठेवा, तो मला हवाय.

तुमची,
चिमी