सातवी ‘ब’साठी पुस्तकपेटी

पुणे, 8 जून

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

सातवी ‘ब’ तुझ्याकडे आली, पट 42, आणि पाठ्यपुस्तकाबाहेर कुणी काही वाचत नाही, असं म्हणालीस. ग्रंथालयात पुस्तकं भरपूर आहेत, हेही म्हणालीस. कुलपातच ना? पुण्यात 1848 पासून सार्वजनिक वाचनालय आहे, पण बारा वर्षांच्या मुलाला पुस्तक बाकापासून चार पावलांवर लागतं. तेव्हा आधी वर्गात पेटी ठेव.

42 मुलांना 42 पुस्तकं पुरत नाहीत. शेवटी येणाऱ्याला निवड उरत नाही, आणि हातात कोंबलेलं पुस्तक मूल वाचत नाही, धरून बसतं. 80-90 तरी हवीत, त्यातली निम्मी 32 ते 64 पानांची. जुनी घ्यायला अप्पा बळवंत चौकात जाशील, तेव्हा पान क्रमांक सलग आहेत का ते चाळून बघ. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेलं असतं. शिवण उसवली की अख्खा फर्मा गळतो. रहस्यकथेची शेवटची सोळा पानं नसली, तर ते पोरगं पुन्हा पेटीकडे फिरकणार नाही. गोष्टींबरोबर किल्ले, क्रिकेट, प्राणी, कोडी, चित्रकथा घे. चित्रकथांना नाक मुरडू नकोस. बालभारतीच्या ‘किशोर’चे अंकही ठेव. हे मासिक 1971 पासून निघतंय आणि जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. दोन-तीन पानांचा मजकूर असला की सावकाश वाचणाऱ्याचंही काहीतरी वाचून पुरं होतं.

दिवसा खिडकीच्या गजांना सुतळी बांधून पुस्तकं तिच्यावर अडकव, म्हणजे मुखपृष्ठं दिसतील. नुसते कणे बघून मुलं हात लावत नाहीत. दर पंधरवड्याला वीसेक बदल.

वेळ रोजची हवी. शुक्रवारी एक तास दिला तर पुढच्या शुक्रवारपर्यंत गोष्ट विसरलेली असते. मधल्या सुट्टीनंतरची 20 मिनिटं धर, पहिल्या आठवड्यात दहाच. त्याहून कमी नकोत, कारण सावकाश वाचणाऱ्याचं पाच मिनिटांत जेमतेम एखादं पान होतं आणि गोष्ट पकड घ्यायच्या आत घंटा वाजते. पुस्तक सुट्टीतच निवडलेलं असावं, नाहीतर निम्मा वेळ खिडकीपाशी ढकलाढकलीत जातो. आणि त्या वेळात वह्या तपासू नकोस, तूही वाच. मुलं बघत असतात.

पुस्तक झेपतंय का, हे मुलानंच पाहावं. मधलं एक पान उघडायचं, अडेल त्या शब्दाला एक बोट मुडपायचं. पाचही बोटं मिटली तर तूर्त दुसरं घ्यायचं. मात्र मराठीत अडणं दोन प्रकारचं असतं, ते तुला ओळखता यायला हवं. ‘अस्वस्थ’ कानाला ठाऊक आहे, डोळ्यांना जोडाक्षर उलगडत नाही, अशा मुलाला मोठ्या टायपातलं पुस्तक दे आणि कोपऱ्यात पुटपुटत वाचू दे. ‘मोट’ नीट वाचता येतं पण ती कधी पाहिलेलीच नाही, त्याला तिथल्या तिथे अर्थ सांग, पुस्तक बदलू नकोस. पाच मिनिटं पान न उलटणारा दिसला तर शेजारी बसून हळूच एक परिच्छेद वाचायला सांग. वर्गासमोर नाही.

सारांश लिहून आणणं, रोजच्या पानांचा हिशोब, पालकांची सही, हे काही सुरू करू नकोस. सही आजीही करून देते. सारांशाच्या धास्तीनं मुलं सगळ्यात बारीक पुस्तक शोधतात. नोंदवहीत नाव, पुस्तक, नेल्याची आणि परत केल्याची तारीख पुरे, तीही मुलांनीच लिहायची. आवडलं नाही तर ‘सोडलं’ लिहून खुशाल परत करावं. एकच पुस्तक पाच जणांनी सोडलं तर दोष पुस्तकाचा समज आणि ते काढून टाक. वर्षाकाठी काही पुस्तकं हरवतीलच. दंड लावलास तर घरी कुणी नेणार नाही.

15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येईल, भाषणं होतील. तुझ्या वर्गात त्या दिवशी प्रत्येकानं मित्राला एक पुस्तक सुचवावं, कारण एका वाक्यात. बाईंनी सुचवलेल्यापेक्षा बाकावरच्या मित्रानं सुचवलेलं लवकर उचललं जातं.

माळ्यावरची पत्र्याची पेटी रविवारी घेऊन जा. बिजागरीला तेल हवंय. जुलैत पुस्तकांना ओल धरते, तेव्हा रात्री पेटीत ठेवताना खाली वर्तमानपत्र आणि सुकलेला कडुनिंबाचा पाला घाल.

तुझी,
आई