सखल भाग केला कोणी?

संपादक महोदय,

दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात एक वाक्य ठरलेलं असतं : ‘शहरातील सखल भागांत पाणी साचले.’ यंदा आपल्या दैनिकात त्या वाक्याशेजारी आमच्या गल्लीचा फोटो होता. डावीकडून तिसरं दार माझं. पालथ्या बादलीवर तांदळाचा डबा चढवणारी बाई म्हणजे आमच्या सौभाग्यवती. फोटो छान आलाय, तक्रार त्याची नाही. तक्रार ‘सखल’ या शब्दाची आहे.

मी १९९१ साली कोपरखैरण्याच्या या बैठ्या घरात राहायला आलो. तेव्हा रस्त्यावरून ओट्यावर यायला तीन पायऱ्या होत्या, सहा-सहा इंचांच्या. आईचे गुडघे गेलेले. घर बांधणाऱ्याच्या नावानं बोटं मोडल्याशिवाय ती चढत नसे. आज असती तर खूश झाली असती. पायरी एकही उरली नाही. मधल्या काळात चार वेळा डांबर पडलं, दर खेपेस दोन इंच. खालचा जुना थर खरवडून काढलेला मी एकदाही पाहिला नाही. मग काँक्रीटचा रस्ता आला : खाली चार इंचांचा पीसीसी, म्हणजे बिनसळईचा काँक्रीटचा थर, वर आठ इंचांचा स्लॅब. बेरीज वीस इंच. पायऱ्या होत्या अठरा इंचांच्या. म्हणजे आता रस्ता माझ्या ओट्यापेक्षा दोन इंच वर आहे.

हे अंदाजानं म्हणत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी आणली. एक टोक सौ.नी ओट्यावर धरलं, दुसरं मी रस्त्याच्या मधोमध. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं माप खोटं ठरतं, म्हणून दोनदा रिकामी करून पुन्हा भरली. फरक पाच सेंटिमीटर. नातू म्हणाला, ‘आजोबा, मोबाइलमध्ये ॲप आहे.’ असेल.

माझी हयातच लेव्हल घेण्यात, म्हणजे उंची मोजण्यात गेली. १९८३ साली एका ठेकेदाराकडे स्टाफमन, म्हणजे मापाची पट्टी धरणारा, म्हणून लागलो. डंपीतून, म्हणजे लेव्हल घ्यायच्या दुर्बिणीतून, बघणारे साहेब पन्नास मीटरवरून हात हलवायचे आणि मी चार मीटरची पट्टी छातीशी धरून हळूहळू पुढे-मागे झुलवायचो. पट्टी ओळंब्यात सरळ असते तेव्हा वाचन सगळ्यात कमी येतं, ते टिपायचं असतं. पुढे मीच यंत्रावर आलो. साहेबांचे दोन नियम होते. फील्डबुकात, म्हणजे मापं टिपायच्या वहीत, खोडरबर चालायचं नाही. चुकलं तर आडवी रेघ मारून शेजारी लिहायचं. आणि सकाळी ज्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची ठरलेल्या पक्क्या खुणेवरून, निघालो, संध्याकाळी त्याच बेंचमार्कवर येऊन हिशेब मिटवायचा. किलोमीटरभराच्या फेरीला बारा मिलिमीटरच्या वर फरक आला, तर दुसऱ्या दिवशी सगळं काम पहिल्यापासून. तेव्हा राग यायचा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत रस्त्याकडेचं नवं गटार सुरू झालं. सर्व्हेला आलेला मुलगा विशी-बाविशीचा, गळ्यात ओळखपत्र, यंत्र माझ्या काळच्या दहा यंत्रांना भारी. मी चहा दिला आणि सवयीनं विचारलं, ‘बीएम, म्हणजे बेंचमार्क, कुठला घेतलास?’ त्यानं मॅनहोलच्या झाकणाकडे बोट दाखवलं. ‘टेन पॉइंट ट्रिपल झिरो धरलाय, काका.’

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. समुद्रसपाटीपासूनची खरी उंची आणायला वेळ नसेल, तर जवळच्या एखाद्या पक्क्या वस्तूला १०.००० मीटर मानून काम करतात. त्यात गैर काही नाही. वस्तू मात्र हलणारी नको. शाळेचं जोतं, पाण्याच्या टाकीचा खांब, देवळाचा पार, असं काही हवं. मॅनहोलचं झाकण म्हणजे गल्लीतली सगळ्यात चंचल वस्तू. रस्ता वर आला की त्याची चौकट उचलावीच लागते. आणि झालंही तसंच. वरच्या अंगाचं अर्धं गटार बांधून झालं, काम दोन महिने थांबलं, त्या दोन महिन्यांत कुणीतरी येऊन चौकट पंधरा सेंटिमीटर उचलली. उरलेलं खालच्या अंगाचं गटार पुन्हा त्याच झाकणाला १०.००० धरून बांधलं गेलं. म्हणजे उताराकडचा अर्धा भाग पंधरा सेंटिमीटर वर चढला. आमच्याकडच्या सपाट जमिनीत गटाराला शंभर मीटरला वीस सेंटिमीटर उतार मिळाला तरी नशीब. त्यातले पंधरा असे गेले. आता जिथे दोन्ही भाग जुळतात तिथे उंबरठा आहे, आणि त्याच्या अलीकडे बारा महिने काळं पाणी उभं असतं. तिथेच आमची घरं.

त्या मुलाला मी दोष देणार नाही. सकाळी त्याला गाडीतून उतरवतात, संध्याकाळपर्यंत ‘डेटा पाठव’ म्हणून फोन. दुसऱ्या खेपेला आलेला मुलगा वेगळाच होता. पहिल्यानं झाकण धरलंय एवढंच त्याला कळवलेलं. फील्डबुक असतं आणि त्यात झाकणाचं शाळेच्या जोत्याशी असलेलं नातं एका ओळीत लिहिलेलं असतं, तर चौकट हलल्याचं त्याला अर्ध्या तासात कळलं असतं. मी संबंधित खात्यात जाऊन हे सांगितलं. कनिष्ठ अभियंता भला माणूस, त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘बिल निघालंय.’

आता भरतीविषयी, कारण तिथेही शून्याचाच घोळ आहे. आपण छापता : ‘आज ४.८ मीटरची भरती.’ वाचणाऱ्याला वाटतं समुद्र सपाटीपासून ४.८ मीटर चढणार. तसं नसतं. भरतीचे आकडे सागरी नकाशाच्या शून्यापासून मोजतात, आणि तो शून्य ओहोटीच्या अगदी तळाशी ठेवलेला असतो. मुंबईत अपोलो बंदरला सरासरी समुद्रसपाटी त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ ची भरती आमच्या जमिनीच्या नकाशावर, समुद्रसपाटीपासून मोजली तर, साधारण २.३. दोन शून्यांची गल्लत झाली, तर अडीच मीटरची चूक. आपणही आकड्याशेजारी तो कुठल्या शून्यापासूनचा, एवढं छापलंत तर उपकार होतील.

नवी मुंबईला या आकड्यांशी खेळता येत नाही. खाडीकाठची कित्येक सेक्टरं भराव घालून केलेली, म्हणून सिडकोनं डच पद्धतीनं धारण तलाव ठेवले. भरती चढली की तोंडाशी असलेल्या झडपा पाण्याच्या दाबानंच मिटतात, शहराचं पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की बाहेर जातं. विजेशिवाय चालणारी इतकी साधी, सुंदर योजना मी दुसरी पाहिली नाही. तलावांत गाळ साचला, कांदळवन उगवलं, ते काढायचं तर उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं, तो विषय वेगळा आणि लांबलचक. माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे. तलाव उद्या आरशासारखे स्वच्छ केले तरी आमच्या गल्लीतलं पाणी तिथवर पोहोचणार नाही. ते उंबरठ्याशी अडलंय.

शेजाऱ्यांनी आपापला उपाय शोधला. समोरच्यांनी घरात दीड फूट डेब्रिज भरून वर नवी लादी बसवली. रस्ता घराखाली गेला, पण दाराची चौकट तीच राहिली, त्यामुळे जावई दिवाळीला आले की वाकून आत येतात. सासूबाईंना त्यात मान वाटतो. पंखा काढून भिंतीवर लावावा लागला. पलीकडच्यांनी दारात वीतभर उंच कठडा घातला आणि त्यांच्या आजी त्यालाच अडखळून पडल्या. रस्ता पुन्हा उचलला की हे सगळं पुन्हा करायचं.

माझी मागणी खर्चिक नाही. प्रत्येक कामाच्या ठिकाणी पाटी लावतात. तिच्यावर कामाचं नाव असतं, ठेकेदार असतो, रक्कम असते, नगरसेवकांचा फोटो बहुधा असतोच. तिच्यावर आणखी चार आकडे लिहा : आजच्या रस्त्याची लेव्हल, काम झाल्यावरची लेव्हल, गल्लीतल्या सगळ्यात खालच्या घराच्या जोत्याची लेव्हल आणि गटाराच्या तळाची. आणि हे आकडे कुठल्या बेंचमार्कवरून आणले, तेही. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिण्याची पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची आहे, त्याला रंगापलीकडे खर्च येत नाही. दुसरा आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा असेल, तर ते वाचायला अभियंता लागत नाही. आमच्या गल्लीतली दहावीतली पोरंही कामाच्या पहिल्याच दिवशी विचारतील. आणि जुना थर खरवडल्याशिवाय नवा घालायचा नाही. खरवडायची यंत्रं आहेत, हमरस्त्यावर रात्री चालताना मी पाहिली आहेत. गल्लीत ती येत नाहीत.

गेल्या महिन्यात मी एका जुन्या सहकाऱ्याकडून ऑटो लेव्हल, म्हणजे डंपीचीच नवी बहीण, दोन दिवसांसाठी मागून आणली. आमच्या गल्लीतली बत्तीस जोती, गटाराचा तळ दर दहा मीटरला आणि तो उंबरठा, सगळं शाळेच्या जोत्यावरून निघून शाळेच्या जोत्यावर मिटवलं. फरक चार मिलिमीटर आला. स्टाफ नातवानं धरला. झुलवायला त्याला शिकवावं लागलं. फील्डबुक घरी आहे, खात्यातल्या कुणालाही बघायला मिळेल. येताना ओट्याशी जरा जपून, तिथे आता पायरी उतरायची आहे.

आपला,
एक निवृत्त सर्व्हेअर,
कोपरखैरणे, नवी मुंबई